पुसण्यात कच्चा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. घरोघरी कपाटावर असायचा तो कॅसेटवाला लहानगा नव्हे. मी स्टुडिओतला, आठ ट्रॅकचा, दोन माणसांनी धरल्याशिवाय जागचा न हलणारा. माझ्यावर ताटाएवढी दोन रिळं फिरतात आणि आठ जणांचं गाणंवाजवणं मी एकाच टेपवर आठ वेगळ्या ट्रॅकवर घेऊ शकतो. थोडा मिजासखोर आहे मी, तेवढं सांभाळून घ्या.

आज मला घाई आहे. समोरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. एक वाजता वरून तीन ठोके पडतील आणि मग मला माझं काम करावं लागेल. त्याआधी सांगायचं ते सांगून घेतो.

माझं काम तसं सोपं. टेप एका रिळावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत तिला तीन हेड लागतात. पहिलं जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं, तिसरं ऐकवतं. लाल बटण दाबलं की पुसणं आणि लिहिणं एका दमात होतं. कोरी टेप असली तरी मी आधी पुसतो, मगच लिहितो. लोक मला गाण्याचं यंत्र म्हणतात. मला विचाराल तर मी आधी पुसणारा आहे.

माझी पहिली नोकरी जाहिरातींच्या स्टुडिओत झाली. सकाळी साबण, दुपारी दंतमंजन, संध्याकाळी पंखे. साबण पुसायचा आणि त्यावर दंतमंजन घ्यायचं. तिथे एक बाई यायच्या, त्या प्रत्येक जाहिरातीत त्याच आनंदाने हसायच्या. नऊ वर्षांत त्यांचं हसू मी किती वेळा पुसलं असेल याची गणती नाही. तेव्हा मी अगदी स्वच्छ पुसायचो. पुढे माझ्यापेक्षा देखणं यंत्र आलं आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला दोघा भावांनी आणलं.

भावांचं घर म्हणजे गाद्यांचं दुकान. वर कापूस पिंजायचं मोठं यंत्र, शेजारी आईचं शिलाई मशीन. ती गाद्यांच्या खोळी शिवायची. खाली तळघर. तळघराच्या चारही भिंतींना न खपलेल्या गाद्या उभ्या लावलेल्या, त्यामुळे जिन्याचं दार लावलं की आतला आवाज बाहेर जात नसे; छतातून मात्र वरची धडधड खाली यायची. थोरला गिटार वाजवायचा, गाणी रचायचा आणि सगळे निर्णय एकटा घ्यायचा. त्याला सगळे दादा म्हणत, त्याच्याहून मोठे लोकसुद्धा. दुसरा त्याचा भाऊ, धाकटा.

मला जिन्यावरून उतरवताना दादा खाली होता आणि धाकटा वर. अकराव्या पायरीवर धाकट्याचं बोट चिमटलं आणि त्याने मला सोडलं. उरलेल्या चार पायऱ्या मी एकटाच उतरलो.

"अरे, माझं बोट," धाकटा कळवळला.

"बोट बरं होईल, हा होणार नाही," दादा म्हणाला आणि आधी माझ्यापाशी वाकला.

त्यांनी मला जोडून पाहिलं. दिवे लागले, रिळं फिरली. दोघांना हायसं वाटलं. पण त्या आपटण्यात माझं पुसणारं हेड केसभर तिरकं झालं होतं. त्या दिवसापासून मी पुसण्यात कच्चा राहिलो. वरवर पाहता सगळं पुसलं जायचं, पण खाली जुन्याची पुसट रेघ राहायची. हे त्यांना पुढे कळलं, आणि कळलं तेही अर्धवट.

बँडमध्ये चौघं होते. दादा, धाकटा, बेस गिटार वाजवणारा लांब्या आणि ड्रमवर ठोक्या. लांब्या छापखान्यात कामाला, ठोक्या रंगारी. रेकॉर्डिंगची वेळ दुपारी एक ते चार, कारण तेवढाच वेळ वरचं पिंजायचं यंत्र बंद असे. यंत्र थांबलं की आई टाचेने फरशीवर तीनदा ठोकायची, म्हणजे करा सुरू. चार वाजता पुन्हा तीन ठोके, म्हणजे उठा आता. तीन वर्षं आम्ही त्या टाचेवर चाललो.

पहिला अल्बम दादाने स्वतः गायला. त्याच्या चोपन्न प्रती खपल्या, त्यातल्या अकरा एकट्या मावशीने घेतल्या. एका वर्तमानपत्राने लिहिलं की गाणी चांगली आहेत, आता गाणारा शोधा. दादाने ते कात्रण कुणाला दाखवलं नाही. पण दुसऱ्या अल्बमच्या पहिल्या दिवशी त्याने माईक धाकट्यासमोर सरकवला आणि म्हणाला, "तू गा जरा. बघू."

धाकटा गायला. मी जाहिरातवाल्यांचे सगळे गोड गळे पचवलेला गडी, पण त्या दिवशी माझा काटा थरथरला. त्याचा दम मोठा होता. ओळीचा शेवटचा सूर तो धरून ठेवायचा, अजून, अजून, आणि मग हलकेच ठेवून द्यायचा. पहिल्या गाण्याची पहिलीच ओळ होती, 'दार उघडं ठेव'. त्या 'ठेव'वर तो इतका रेंगाळायचा, की जिन्याचं दार उघडं असलं तर वर आईचं शिलाई मशीन थांबायचं. दादाने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "ठीक आहे. सहावा ट्रॅक तुझा." त्याच्या तोंडून भावाचं यापेक्षा जास्त कौतुक मी कधी ऐकलं नाही.

आठही बटणांखाली पांढरी चिकटपट्टी होती आणि त्यावर शाईने नावं लिहिलेली. सहाव्याखाली 'धाकटा' असं आलं.

सहा गाणी झाली आणि लांब्या भांडून निघून गेला. गाण्यांचा क्रम कुणी लावायचा यावरून वाजलं, आणि माणूस गेला. तेव्हा दादाने आपली रीत काढली. लांब्याचं वाजवणं टेपवर होतंच, ते ठेवता आलं असतं. दादा म्हणाला, "बँड म्हणजे बाक. माणसं बसतात, उठतात, बाक तिथेच राहतो. सोडून गेलेल्याचं वाजवणं माझ्या अल्बमवर नको." लांब्याच्या जागी एक मास्तर आले, शाळेत भूगोल शिकवणारे, बुजरे. दादाने लांब्याची चिकटपट्टी ओरबाडून काढली, तिथे 'मास्तर' लिहिलं आणि त्यांना त्याच ट्रॅकवर, तेच सूर, पुन्हा वाजवायला बसवलं. लाल दिवा लागला आणि मी लांब्याला पुसलं.

नंतर ऐकताना मास्तरांनी हेडफोन काढून हातात घेतला. "दादा, इथे माझ्या जरा आधी कुणीतरी वाजवतंय."

"कोण वाजवणार?"

"ते मला काय माहीत. पण मी एकटा नाहीये."

दादाने ऐकलं. इतर सगळं बंद केलं, आवाज पूर्ण चढवला. खाली लांब्या होता, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. दादा हसला. "मशीन जुनं आहे. पुसलं तरी खालचं राहतं थोडं. लोकांना नाही कळणार."

त्याच आठवड्यात छापखान्याच्या यंत्रात लांब्याचं बोट गेलं. डाव्या हाताचं, तारा दाबायचं.

त्या वेळी मीसुद्धा काही मनाला लावून घेतलं नाही. मग पावणेदोन महिन्यांनी ठोक्या गेला. त्याला तीच तीच गाणी वाजवून वीट आला होता. त्याच्या जागी टपालवाली आली. त्या भागात पत्रं वाटायची, दिवसभर चालून तिचे पाय थकत नसत, आणि ड्रमवर बसली की थांबवावं लागे. तिची चिकटपट्टी लागली आणि मी ठोक्याला दोन ट्रॅकवरून पुसलं. दहाव्या दिवशी तो रंग देताना शिडीवरून पडला. कंबर गेली.

टपालवालीने ती बातमी तळघरात आणली. मास्तर हळूच म्हणाले, "दोघं पुसले, दोघांचं असं झालं."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," दादा म्हणाला. "मास्तर, तुम्ही शाळेत हेच शिकवता का?"

धाकटा मात्र हसला नाही. तो माझ्यापाशी आला आणि आपल्या नावाची चिकटपट्टी अंगठ्याने दाबून घट्ट केली. त्याचा अंगठा थंड होता.

मला विचाराल तर मला काही ठाऊक नाही. मी पुसतो म्हणून माणसाचं वाईट होतं, असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून लाल बटणाकडे हात गेला की माझा पट्टा ताणल्यासारखा व्हायचा.

अल्बमची नऊ गाणी गाऊन झाली. थोडं गिटारचं काम उरलं होतं, तीनेक आठवड्यांचं. तेवढ्यात धाकट्याला एका प्रवासी जहाजावर गाण्याचं काम मिळालं. दीड वर्षाचा करार. त्याने तळघरात सांगितलं, आईसमोर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून.

"आणि अल्बम?" दादाने विचारलं.

"माझी गाणी झाली आहेत ना सगळी. तू पुरा कर. मी आलो की मिळून वाजवू."

"सोडून जाणाऱ्याचं काय होतं, तुला माहीत आहे."

"दादा, मी सोडून नाही चाललो. कामाला चाललोय." मग वातावरण हलकं करायला तो म्हणाला, "आणि हे बघ, मला पुसू नकोस हं. मला पोहता येत नाही."

टपालवाली हसली, मास्तर हसले नाहीत. दादा गिटारच्या तारा पिळत राहिला.

धाकटा गेला त्याला अठरा दिवस झाले. दादाने तेवढ्यात दोन गायक ऐकून पाहिले, दोघांनाही नापास केलं. मला वाटलं, मन वळलं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी आईचे तीन ठोके पडले आणि दादा एकटाच खाली आला. त्याने सहाव्या ट्रॅकची पट्टी काढली. ती निघेना, घट्ट बसली होती, नखाने खरवडावी लागली. नव्या पट्टीवर त्याने काही लिहिलं नाही. जिन्याचं दार लावून घेतलं, माईक ओढला आणि लाल बटण दाबलं.

तो स्वतः गायला. नऊच्या नऊ गाणी, चार दुपारी बसून. खरं सांगतो, वाईट नाही गायला. रागाने माणसाच्या गळ्यात काहीतरी येतं, ते आलं होतं. पण त्याचा दम लहान. धाकटा जिथे सूर धरून ठेवायचा, तिथे दादाला श्वास घ्यायला थांबावं लागे. आणि तो थांबला की खालून धाकटा यायचा, पुसट, शेवटच्या अक्षरावर तरंगत. दादाने ते हेडफोनमधून ऐकलं. थांबला असता तर तेव्हा थांबला असता. तो पुढे गात गेला.

वर आईला वाटत होतं, तो गिटार वाजवतोय. दार बंद होतं आणि गाद्यांच्या भिंती चांगल्या जाड होत्या.

धाकट्याची पत्रं टपालवालीच आणायची. तीन बंदरांवरून तीन आली. चौथं आलं नाही. आई रोज दारात उभी राहायची. टपालवाली थैली उघडून दाखवायची, "मावशी, असतं तर मी लपवलं असतं का?" चार महिन्यांनी जहाज कंपनीचं पत्र आलं. वादळानंतर मोजदाद केली तेव्हा तो जहाजावर नव्हता. शोध चालू आहे. एवढंच. टपालवालीने ते पत्र आईच्या हातात दिलं आणि त्या दिवशी पुढचं टपाल वाटलं नाही.

त्याच महिन्यात अल्बम बाहेर आला आणि चालला. नुसता चालला नाही, धावला. लोक म्हणत, या गायकाच्या आवाजात काहीतरी आहे, तो थांबला तरी गाणं थांबत नाही. ज्या वर्तमानपत्राने गाणारा शोधा म्हटलं होतं, त्यानेच लिहिलं, एका गळ्यात दोन आवाज. दादाने हे कात्रणही कुणाला दाखवलं नाही. लोक पाठ थोपटायचे आणि तो मान खाली घालायचा. लोकांना तो नम्रपणा वाटे.

एक दिवस दुकानातल्या रेडिओवर गाणं लागलं. आई खोळ शिवत होती. 'दार उघडं ठेव' झालं, दादाने श्वास घेतला, आणि आईचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. ती उठली. या सगळ्या वर्षांत जिना उतरून ती पहिल्यांदा खाली आली.

"हा धाकटा आहे," ती म्हणाली.

दादाने गिटार बाजूला ठेवली. मग त्याने सगळं सांगितलं. मी वाट बघत होतो, आता ती मारेल, रडेल. ती एका दुमडलेल्या गादीवर बसली आणि म्हणाली, "मग त्याला लाव."

त्या दिवसापासून रोज एक ते चार हेच काम. दादा बाकीचे ट्रॅक बंद करायचा, सहावा पूर्ण चढवायचा, आणि आई हेडफोन लावून श्वासांच्या जागा ऐकायची. दादाचा आवाज तिच्या कानात आदळायचा, मग तो थांबायचा, आणि तेवढ्यात धाकट्याचं एखादं अक्षर. नऊ गाण्यांत मिळून फार तर मिनिटभर. टेप झिजू लागली. माझ्या हेडवर तपकिरी भुकटी साचायची, ती आई दुकानातल्या कापसाच्या बोळ्याने पुसायची. त्या भुकटीत थोडा धाकटा असणार, हे तिला कसं सांगू?

परवा तिने हेडफोन काढला. "असं तुकड्या तुकड्याने नको. मला तो सबंध ऐकू दे. तुझा आवाज काढ वरचा."

"तसं निघत नाही, आई."

"का निघत नाही? वरची खोळ उसवली की आतला कापूस आतच असतो. तू वरून आहेस, तो आत आहे. तुला काढ."

दादा विचारात पडला. मला दिसत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. लांब्याला पुसलं, तो खाली राहिला. ठोक्याला पुसलं, तोही राहिला. धाकटाही राहिला. म्हणजे या मशीनवर पुसलं तरी खालचं राहतं. मग स्वतःला पुसलं तर खाली भाऊ उरेलच.

चूक आहे हो. माझ्यात खोळ नाही आणि कापूस नाही. दोघं एकाच जागी आहेत, एकाच भुकटीत. मी पुसायला लागलो की वरचा कोण आणि खालचा कोण हे मला कळत नाही. आणि जो आधीच पुसट आहे, तो आधी जातो.

टपालवाली शहाणी. ती म्हणाली, "आधी दुरुस्तीवाल्याला विचार. तो येणारच आहे."

"काय विचारू?" दादा म्हणाला. "मी माझ्या भावाला पुसलं, आता काय करू, असं विचारू?"

त्याने विचारलं नाही. लाज माणसाला कुठे नेते ते मी आठ ट्रॅकवर ऐकलंय.

दुरुस्तीवाला आज सकाळी येऊन गेला. रोजच्या फिरण्याने माझा पट्टा सैल झाला होता, तो बदलायला बोलावलं होतं. दादा वर कापूस उतरवून घेत होता. खाली आई एकटी. माणूस कामाचा पक्का. पट्टा बदलला, मग वाकून बॅटरी मारून बघितलं आणि चुकचुकला. "मावशी, याचं पुसायचं हेड तिरकं आहे. कधीतरी पडलाय हा." आणि कुणी न सांगता त्याने बारीक स्क्रू फिरवला, डोळा लावला, पुन्हा फिरवला. "नीट बसवलं. त्याचे वेगळे पैसे नकोत. आता पुसाल ते असं पुसलं जाईल की मागमूस राहणार नाही."

"बरं केलंस बाबा," आई म्हणाली. "आज तेच काम आहे." आणि त्याला पाणी दिलं.

माझ्यासारख्या वस्तू आपली कथा संपवताना म्हणतात, आम्हाला टाकू नका, दुरुस्त करा. मला दुरुस्त केलंय. धाकट्याच्या हातून निसटलो तेव्हा मला जे लागलं होतं, त्याच्यावर तो इतके दिवस माझ्यात टिकून होता. तेवढंच त्याचं माझ्यापाशी होतं, आणि ते आज सकाळी गेलं. मला तोंड आहे, पण त्यातून फक्त दुसऱ्यांनी घातलेलं बाहेर येतं.

वरचं यंत्र थांबलं. एक. दोन. तीन.

जिन्यावर तिच्या चपला वाजताहेत. दादा आधीच बसलाय. तिने नेहमीची गादी ओढली, पदराने हेडफोन पुसला आणि कानाला लावला.

"आता सबंध ऐकू येईल ना रे तो?"

"येईल," दादा म्हणाला. "आधी मला पुसतो सगळं. मग तुला लावून देतो." नवं काही चढू नये, नुसतं पुसलं जावं, म्हणून त्याने माईकची वायर काढून ठेवली आणि बोट लाल बटणावर ठेवलं.

रीळ फिरू लागलं आहे. 'दार उघडं ठेव' यायला अजून चौदा सेकंद आहेत. माझा प्लग दाराच्या डाव्या हाताला, खाली, गादीच्या मागे आहे. तुमच्यापैकी कुणी जवळ असाल तर ओढा.